चार बोटं सरकलेली पाटी

खाणीत त्यांना सगळे ओळंबाकाका म्हणायचे. सर्व्हेअर म्हणून अख्खी नोकरी जमिनीखालचे बोगदे मोजण्यात गेली, पण गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीसारखं त्यांचं माप कधी इकडचं तिकडे झालं नाही, म्हणून हे नाव. काकांनाही ते आवडायचं. का नाही आवडणार? आपल्याला कुणी सरळ म्हटलं की कोण सुखावत नाही?

आणि अशा माणसाने हे असलं करावं! सांगतानाही कसंसंच होतं.

झालं असं, की खाणीत ड्रोन आला. अंधाऱ्या बोगद्यात आपला आपण उडायचा, भिंती मोजायचा, छत मोजायचा आणि काकांना आठवडा लागायचा तो नकाशा चहा निवेपर्यंत काढून द्यायचा. कामगारांनी त्याचं नाव भुंगा ठेवलं. भुंगा सांभाळायला एक तरुण इंजिनिअर आली. पोरगी गुणाची, सारखी 'काका, काका' करत मागे असायची. तरीही काकांच्या पोटात दुखायला लागलं. मॅनेजर साहेब येता-जाता म्हणायचे, "काय काका, आता आराम!" काका वरवर हसायचे आणि आतून जळायचे.

आपण कुठे आहोत हे भुंग्याला कळायचं ते भिंतींवरच्या पाट्यांवरून. प्रत्येक पाटी काकांनी स्वतः मोजून ठोकलेली. सुट्टीच्या दिवशी काका 'जरा बघून येतो' म्हणून खाली उतरले, सगळ्यात आतल्या बोगद्यातली एक पाटी काढली आणि चार बोटं बाजूला ठोकली. जुन्या भोकावर चिखल थापला. भुंग्याचा नकाशा वाकडा येईल, साहेबांसमोर त्याचं हसं होईल, बस्स. कुणाच्या जिवावर उठायचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भुंगा उडून आला. नकाशा अगदी व्यवस्थित! बाकीच्या पाट्यांवरून त्याने आपली जागा बरोबर ओळखली होती. पडद्यावर फक्त एक लाल खूण आली, ही पाटी जागेवर नाही म्हणून.

मॅनेजरच्या खोलीत सगळे जमले.

"एक तर पाटी चुकीच्या जागी ठोकलीय," साहेब म्हणाले, "नाहीतर भिंत सरकलीय."

"पाटी काकांनी ठोकलीय, साहेब," पोरगी ताडकन बोलली. "ती चुकणं शक्यच नाही. खडकच सरकलाय."

साहेबांनी मान डोलावली. काकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. काकांना वाटलं, आत्ताच्या आत्ता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

बोलायचं ते तिथेच बोलायला हवं होतं. पण तोंड उघडेना. बोगदा बंद झाला. आत जाऊन सैल दगड पाडायचे आणि छताला टेकू द्यायचे, असं ठरलं. म्हणजे धडधाकट छताला उगाच घण घालायचे, आणि त्यातून एखादा दगड निसटून कुणाच्या डोक्यात पडला तर? त्या टोळीचा मुकादम होता काकांचाच जावई. तो हेल्मेटचा पट्टा आवळत आला आणि हळूच म्हणाला, "मामा, घरी काही बोलू नका हं. ती उगाच जीवाला घोर लावून घेईल."

लेकीचा चेहरा काकांच्या डोळ्यांसमोर आला.

"थांब," ते म्हणाले. "कुणी जाऊ नका. ती पाटी मी सरकवलीय."

साहेब हसले. "काका, जावयासाठी जीव तुटतो, कळतं मला. पण म्हणून काहीबाही सांगू नका."

"काका, बसा बरं. पाणी देऊ?" पोरगी म्हणाली.

घ्या! खोटं न बोलताच खपलं होतं, आणि खरं कुणी ऐकून घेईना. शेवटी काकांनी चिखल कुठे थापलाय, खिळा कुठे वाकलाय, सगळं सांगितलं. पोरीने भुंग्याने काढलेला फोटो मोठा करून पाहिला. पाटीशेजारी चिखलाचा गोळा स्पष्ट दिसत होता.

"पण का, काका?"

"यंत्राची फजिती करायची होती," काका म्हणाले. मग मान खाली घालून म्हणाले, "तुझी करायची होती."

साहेबांनी टोळी माघारी पाठवली. जावयाने हेल्मेट काढलं आणि सासऱ्याकडे न बघता निघून गेला. पोरगी पडद्यावर बाकीच्या पाट्यांचे फोटो एकेक करून मोठे करून पाहू लागली. तिला राग आला असता तर काकांना हलकं तरी वाटलं असतं.

"काका," तिने विचारलं, "मग बाकीच्या पाट्या?"

"त्या बरोबर आहेत गं. आईशपथ!"

तिने मान हलवली, वडीलधाऱ्यांचं मन राखायला हलवतात तशी. मग ती साहेबांकडे वळली. "सगळ्याच पाट्या पुन्हा तपासायला लागतील, साहेब. आजच सुरू करते."

काकांनी घाईघाईने मोजणीची पिशवी खांद्याला लावली. "चल, मी येतो. कुठली कुठे आहे, मला पाठ आहे."

"नको काका," ती म्हणाली. "तुम्ही इथेच बसा."