पूर्वेच्या भिंतीतलं दार

जर्मनीत नेकारसुल्मजवळ टेकडीच्या उतारावर रोमन लोकांच्या एका मोठ्या घराचं उत्खनन चाललं होतं. तिथे हौसेने राबायला येणाऱ्यांत सर्वांत वयस्कर होते यशवंतराव. त्यांनी चाळीस वर्षं इस्लामपुरात दारं-खिडक्या केल्या होत्या आणि आता ते मुलाकडे राहत होते.

गेल्या ऑक्टोबरात ते आणि त्यांची बायको कुसुमताई इथे फिरायला आले होते. कुंपणावर घराचा नकाशा लावला होता. कुसुमताई तो बघत म्हणाल्या, "अहो, भिंती सगळ्या दाखवल्यात, पण माणसं आत शिरायची कुठून? दार कुठाय?" खरंच, दार कुठेच नव्हतं. "उन्हाळ्यात मदतीला माणसं घेतात म्हणे. आपण येऊन शोधू."

जानेवारीत त्या गेल्या. जूनमध्ये यशवंतराव एकटेच आले. कशासाठी, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पंधरा दिवस त्यांनी पूर्वेच्या भिंतीलगतची माती खरवडली. दार दिसेना. शुक्रवारी तो भाग बुजवणार होते. तिथून सायकलींचा रस्ता जायचा होता.

मंगळवारी ईप्सिता बादली घ्यायला खड्ड्यात उतरली. ती पुण्याहून पीएचडीसाठी आलेली. एका लांब दगडावर उभी राहून ती बोलू लागली.

"अगं, उतर खाली! उंबरठ्यावर उभं राहतात का?" यशवंतराव खेकसले.

तिने टुणकन उडी मारली. "सॉरी काका!" मग खाली बघून हसली. "कसला उंबरठा? पडलेल्या भिंतीतला दगड आहे हा."

यशवंतराव दगडाकडे वाकले. शब्द आधी तोंडातून गेला होता, डोकं मागून येत होतं. ते गुडघ्यांवर बसले. दगड एका जागी पावलांनी झिजून खोलगट झाला होता. टोकाशी चिखल साचला होता. त्यांनी तो बोटाने उकरला. आत वाटीएवढा गुळगुळीत खळगा निघाला.

"बिजागऱ्या नसतात तेव्हा दाराचा खुंट असा खळग्यात फिरतो. बोलाव तुझ्या बाईंना."

उत्खननाच्या प्रमुख फ्राउ केलर आल्या. खळगा बघून "आल्झो...", म्हणजे "असं होय...", असं म्हणाल्या आणि बराच वेळ जर्मनमध्ये बोलल्या.

"काका, त्या म्हणतायत, उंबरठा असेलही, पण दुसरीकडून आणून भिंतीत बसवलेला असू शकतो. एका खळग्यासाठी रस्ता थांबवता येणार नाही."

"त्यांना सांग, झीज खळग्यापासून इतकी लांब आहे, म्हणजे दार रुंद, दोन झडपांचं होतं. दगड इथलाच असेल तर दुसरा खळगाही इथेच असणार, तो मी काढून देतो. आणि बोलतोय तसंच सांग, साखर लावू नकोस."

"जर्मनमध्ये साखर विरघळतच नाही, काका."

फ्राउ केलरनी गुरुवार संध्याकाळपर्यंत वेळ दिला.

यशवंतरावांनी वितीने मोजलं. खळग्यापासून सर्वांत जास्त झिजलेली जागा तीन विती. माणूस दाराच्या मधूनच जातो, म्हणजे दुसरा खळगा आणखी तीन वितींवर. दगड मात्र त्याआधीच तुटला होता. पुढे नुसती माती आणि मुळं. त्यांनी तिथे काडी रोवली.

बुधवारी दिवसभर मुळं कापली. काही लागलं नाही. संध्याकाळी मुलगा प्रताप गाडी घेऊन आला.

"बाबा, गुडघे बघा तुमचे! दगड काय पळून जातोय?"

"दगड नाही रे जात. शुक्रवार येतोय."

"आई असती तर तुम्हाला घरी बसवलं असतं तिने."

"तुझ्या आईनेच धाडलंय मला इथे," यशवंतराव म्हणाले आणि गाडीत बसताना त्याला सगळं सांगितलं.

गुरुवारी प्रतापने सुट्टी घेतली आणि बादल्या उचलल्या. तीनच्या सुमारास थापी दगडावर वाजली. तुटलेला तुकडा हातभर खाली खचला होता. यशवंतरावांनी कुणाला हात लावू दिला नाही. चिखल काढत काढत त्यांचं बोट आत गेलं. खळगा होता.

ईप्सिताने टेप लावला. "काडीपासून फक्त चार बोटं लांब!"

"चार बोटं चुकलं," यशवंतराव नाराजीने म्हणाले.

"अहो काका, दगड सरकलाय!"

फ्राउ केलरनी येऊन बघितलं आणि फोन करून शुक्रवारचं बुजवायचं यंत्र थांबवलं. मग नकाशा मांडीवर घेऊन भिंतीची रेघ खोडली आणि काहीतरी विचारलं.

"दार आत उघडायचं की बाहेर?" ईप्सिताने मराठीत विचारलं.

दगडाच्या बाहेरच्या कडेला उंचवटा होता. झडपा त्यालाच टेकायच्या. यशवंतराव दगड ओलांडून बाहेरच्या बाजूला, घराकडे तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही तळहात पुढे ढकलले. "आत."

"गेनाऊ," म्हणजे "अगदी बरोबर," म्हणत बाईंनी नकाशावर दार काढलं.

शुक्रवारी यंत्र आलं नाही. यशवंतराव सातला हजर होते. दारापर्यंत येणारी वाट अजून उकरायची होती.