लाउंजचं कार्ड

लिफ्टकाकांनी ते कार्ड घेतलं काकूंसाठी, हे आधी सांगायला हवं, कारण पुढे सगळ्यांनी त्यांनाच बोल लावला.

काका लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे, म्हणून अख्खी गल्ली त्यांना लिफ्टकाका म्हणे. काकू घरी पडदे शिवायच्या. एकदा त्या एका हवाईसुंदरीच्या घरचे पडदे शिवत होत्या. माप घ्यायला गेल्या तेव्हा त्या मुलीने त्यांना विमानतळावरच्या लाउंजबद्दल सांगितलं होतं. मऊ सोफे, हवी तितकी कॉफी, आणि कितीही वेळ बसा, कुणी उठ म्हणत नाही. काकूंनी घरी येऊन हे सहज सांगितलं आणि मशीनला दोरा ओवायला घेतला. काकांनी मात्र ते मनात ठेवलं.

काही महिन्यांनी काका एका मोठ्या मॉलमध्ये अडकलेली लिफ्ट सोडवायला गेले. खाली एका बँकेचं टेबल मांडलेलं होतं. तिथल्या मुलीने त्यांना सर म्हटलं, बसायला खुर्ची दिली आणि एक काळं कार्ड दाखवलं, सोनेरी कडेचं. विमानतळावरच्या लाउंजमध्ये दोघांना फुकट प्रवेश, हे तिने सांगितलं आणि काकांनी पुढचं काही ऐकलंच नाही. हाताला ग्रीस होतं, ते पुसून त्यांनी सही केली.

कार्ड आलं तेव्हा त्यांनी काकूंना काही सांगितलं नाही. चांगली साडी नेस, एवढंच म्हणाले. दोघं बसने विमानतळावर गेले. दारावरच्या शिपायाने तिकीट मागितलं. काकांनी ऐटीत कार्ड काढून दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि अगदी नम्रपणे सांगितलं, की कार्ड बरोबर आहे, पण विमानाचं तिकीट असल्याशिवाय आत सोडता येत नाही.

काका खाली फरशीकडे बघत राहिले. काकूंना तोवर सगळा उलगडा झाला होता. त्यांनी शिपायाचे आभार मानले, काकांचा दंड धरला आणि त्यांना बाहेरच्या बाकांकडे नेलं. तिथे लोक आपापल्या माणसांची वाट बघत बसले होते. काकूंनी कोपऱ्यातल्या यंत्रात नाणी टाकून दोन कॉफ्या आणल्या.

"अहो, पण तुम्हाला हे सुचलं कुठून?" त्यांनी विचारलं.

"तूच म्हणाली होतीस," काका म्हणाले. "तिथून कुणी उठवत नाही म्हणून."

काकू कॉफीचा घोट घेऊन म्हणाल्या, "इथूनही अजून कुणी उठवलेलं नाही."

दोघं दुपारभर तिथेच बसले. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, बॅगा उचलण्यावरून भांडत होते. समोरच्या मोठ्या पडद्याची शिवण तिरकी गेलीय हे काकूंनी काकांना दाखवलं. काकांना तिथल्या लिफ्टचं दार बंद होताना घासल्याचा आवाज येत होता. दोनदा उठून ते दाराला कान लावून आले. घरी परतताना दोघंही खुशीत होते.

खुशी टिकली ती पहिलं बिल येईपर्यंत. कार्डावर काहीच खरेदी नव्हती, तरी वर्षाची फी लागली होती, आणि ती चांगलीच घसघशीत. मुलाने डोक्याला हात लावला. सुनेने मात्र रविवारी सकाळी खुर्ची ओढून घेतली. ती एका दवाखान्यात हिशेब बघायची. आधी तिने एकच गोष्ट विचारली, पैसे जातात कुठे?

काका म्हणाले, कुठेच नाही, आम्ही खर्चच करत नाही. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली. ठोक दुकानातून पडद्याचं कापड, हा सगळ्यात मोठा खर्च. मग अस्तर, दोरे, रिंगा. काकांच्या स्कूटरचं पेट्रोल. किराणा, औषधं. विमान दूरच राहिलं, बाहेर जेवायलाही दोघं क्वचितच जात.

सुनेने फोनवर बरीच कार्डं काढून दाखवली. एकात पेट्रोलवर सूट होती, पण काकांचं पेट्रोल ते कितीसं. एकात कपड्यांच्या ठरावीक दुकानांत पैसे परत मिळायचे, पण त्यांत ठोकवाला नव्हता. तिसरं अगदी साधं. वार्षिक फी नाही, कुठेही काहीही घ्या, थोडेसे पैसे परत. आपण जसं राहतो तसं कार्ड घ्यायचं, असं तिने समजावलं. आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं, नाहीतर व्याज सगळी बचत खाऊन टाकतं. ते खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करून द्यायचं तिने कबूल केलं.

काकूंना तिसरं पटलं. "कापड कुठून घ्यायचं ते मी ठरवणार. कार्डाने नाही."

काका हिरमुसले. ते कार्ड राखाडी होतं. त्यात काही मजाच नाही, पाण्याच्या बिलासारखं दिसतंय, असं ते पुटपुटले. सून हसू दाबत म्हणाली, "बाबा, हे आईंना रोज उपयोगी पडेल. तुम्हाला तेच हवं होतं ना?" जुनं कार्ड बंद करायला काकांनी स्वतःच फोन लावला. पलीकडच्या मुलीने फी माफ करू, खरेदीवरचे बक्षिसाचे पॉइंट दुप्पट देऊ, असं बरंच आमिष दाखवलं. काका मऊ आवाजात नाही म्हणत राहिले आणि शेवटी तिलाच शुभेच्छा देऊन त्यांनी फोन ठेवला.

नवं कार्ड घेऊन काकू पहिल्यांदा कापडाच्या दुकानात गेल्या तेव्हा काका स्कूटरवर बाहेर थांबले होते. गिऱ्हाइकाचं कापड घेऊन झालं, पण काकू बाहेर येईनात. मग दुकानाच्या दारातून काकूंनीच काकांना हाक मारली. त्यांना घरासाठी पडदे करायचे होते. इतकी वर्षं घरच्या खिडक्यांना गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांचे जोड दिलेले पडदे होते, आणि त्याबद्दल कुणीच कधी काही बोललं नव्हतं.

"रंग तुम्ही सांगा," काकू म्हणाल्या.

काकांना आजवर रंग कुणी विचारला नव्हता. त्यांनी बराच वेळ लावला, गठ्ठे खालीवर करायला लावले आणि शेवटी एक झगझगीत पिवळा निवडला. दुकानदाराने काकूंकडे पाहिलं. हा भिंतीला शोभणार नाही, असं काकूंनी स्पष्ट सांगितलं, आणि मग तोच मापाने कापून घेतला.

पडदे लागले तेव्हा सकाळच्या उन्हात अख्खी खोली पिवळीजर्द झाली. काकांनी स्वतःच कबूल केलं, की जरा जास्तच झालं. काकूंनी ते बदलले मात्र नाहीत. कुणी विचारलं तर त्या सांगतात, "रंग ह्यांच्या पसंतीचा."