पहिलं पाणी

नगरपालिकेचं मासिक पत्रक दर महिन्याला दाराच्या फटीतून आत पडायचं. बहुतेक घरांत ते फडताळात अंथरायला कामी यायचं. चावीवाल्याची बायको मात्र ते अथपासून इतिपर्यंत वाचायची, तेही मोठ्यांदा. नवरा पालिकेच्या पाणीखात्यात नळांचे व्हॉल्व्ह उघडणारा चावीवाला, तेव्हा पालिकेचा कारभार म्हणजे तिला घरचंच कार्य वाटायचं. कुठल्या रस्त्यावर दिवे बसले, जमाखर्चात शिल्लक किती पडली, वाचनालयाला रंग कोणता दिला, ज्येष्ठांच्या गाण्याच्या स्पर्धेत कोण पहिलं आलं, हे सगळं चहा गार होईपर्यंत चालायचं.

त्या सकाळी ती मध्येच थांबली. "नाल्यापलीकडच्या वस्तीस शहरात सर्वप्रथम पाणी," तिने वाचलं. खाली मजकूर होता की उपेक्षित बांधवांना प्राधान्य देण्याच्या धोरणानुसार रोज सकाळी पहिला व्हॉल्व्ह या वस्तीचाच उघडला जातो. शिवाय वाया जाणारं पाणी पूर्ण थांबल्यामुळे खात्याची यंदा चांगली बचत झाली आहे. तिने पत्रक बाजूला टाकलं आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. डोक्यावर बसवून ठेवलंय त्या लोकांना, कर आपण भरायचा आणि पाणी आधी त्यांना, हा कुठला न्याय, वगैरे वगैरे. चावीवाल्याने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि चपला शोधू लागला.

खरं काय ते त्याला ठाऊक होतं. शहराचं पाणी रोज थोडा वेळच सुटतं. मधल्या वेळात नळ रिकामे राहिले की आत गंज सुटतो, गाळ बसतो, आणि जिथे जुने सांधे निखळलेत तिथून शेजारच्या गटाराचं पाणी आत झिरपतं. सकाळी व्हॉल्व्ह उघडला की आधी ही सगळी घाण बाहेर येते. चावीवाले तिला पहिलं पाणी म्हणतात. खरं तर ते गटारात सोडून द्यायला हवं. पण सोडून दिलं की ते वाया गेलेलं पाणी म्हणून हिशेबात दिसतं आणि साहेबाला वर जाब द्यावा लागतो. म्हणून कधीकाळी कुणा हुशार माणसाने तोड काढली, की पहिलं पाणी नाल्यापलीकडे सोडायचं. तिथे शहराचा कचरा उचलणारे आणि गटारं उपसणारे लोक राहतात, त्यांना घाणीची सवय असते! पाणी निवळलं की त्यांचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि टेकडीवरच्या बंगल्यांचा उघडायचा, मग बाजाराचा, मग चावीवाल्याच्या स्वतःच्या गल्लीचा. सगळ्यांचं भागून टाकीत काही उरलंच तर पुन्हा वस्तीला. म्हणजे पत्रकात एक अक्षरही खोटं नव्हतं. काय म्हणावं या अकलेला?

चावीवाल्याला ही रीत त्याच्या आधीच्या चावीवाल्याने शिकवली होती. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो रोज सायकलने निघायचा, रस्त्यातली झाकणं उचलायचा, चावी फिरवायचा. त्यात काही वाईट आहे असं त्याच्या मनात कधी आलं नाही. तो दुष्ट माणूस नव्हता. दुष्ट माणसं असतात तरी किती हो? बाकी सगळं काम तुमच्याआमच्यासारखी भली माणसंच निमूटपणे उरकतात.

मग त्याच्या थोरल्या मुलीने नाल्यापलीकडच्या मुलाशी लग्न केलं. मुलगा पालिकेच्याच कचरागाडीवर होता, शिकलेला होता, निर्व्यसनी होता. पण त्या वस्तीतलं कुणी दारात आलं तर त्याला पाणी वेगळ्या भांड्यातून द्यायचं आणि त्यांच्या घरचं पाणी तोंडाला लावायचं नाही, हे या गल्लीत आईच्या दुधाबरोबर पाजलं जायचं. आईने मुलीचे कपडे एका पिशवीत भरून पायरीवर ठेवले आणि नवऱ्याकडून वचन घेतलं की तो नाल्यावरचा पूल कधी ओलांडणार नाही. चावीवाल्याने वचन दिलं. मुलीवर त्याचा फार जीव होता, पण घरात शांतता राहावी यावर त्याहून जास्त. पुढे मुलीला मुलगी झाल्याचं कानावर आलं तेव्हा तो बाजारातून एक खुळखुळा घेऊन आला आणि सायकलच्या पिशवीत तसाच ठेवून हिंडत राहिला.

वस्तीचं झाकण पुलाच्या अलीकडेच होतं, पण रोज सकाळी ते उचलताना आता त्याचा हात जड व्हायचा. एकदा धीर करून त्याने पहिलं पाणी गटारात सोडलं. संध्याकाळच्या आत साहेबाने बोलावून घेतलं. टाकीतून गेलेलं आणि शहराला मिळालेलं पाणी जुळत नव्हतं. पुन्हा असं झालं तर नोकरीला मुकशील, असं साहेबाने आवाज न चढवता सांगितलं. चावीवाला पुन्हा मुकाट जुन्या क्रमाने फिरू लागला. मनाची समजूत त्याने एकाच गोष्टीवर घातली होती. मुलगी चावीवाल्याची आहे, पहिलं पाणी प्यायचं नाही हे तिला कळतं.

तिला कळत होतंच. ती ते पाणी वेगळं भरून ठेवायची, प्यायला दुसऱ्या पाण्याची वाट बघायची. ते आलं नाही तर पहिलंच निवळवायची, गाळायची, उकळायची, आणि बाळासाठी वेगळं झाकून ठेवायची. कामावर जाताना सासूला दहादा बजावायची. सासू हसायची, म्हणायची, अगं आम्ही याच पाण्यावर म्हातारे झालो. किती पोरं या पाण्यावर म्हातारी झाली नाहीत, ते मात्र ती बोलायची नाही.

त्या महिन्यात मोठी नळवाहिनी दुरुस्तीला काढली. दोन दिवस शहर कोरडं. वस्तीजवळ खणलेल्या खड्ड्यात गटार फुटलं होतं आणि उघडा नळ त्यातच बुडाला होता. चावीवाल्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आता जे पहिलं पाणी सुटेल ते पाणी नसेल, हे त्याला कळून चुकलं. मुलीला सांगायला तो सायकल घेऊन पुलापर्यंत गेलासुद्धा. पलीकडे तिच्या दारात धुणं वाळत होतं, त्यात बाळाची इवली झबली होती. कुणीतरी बघेल, घरी कळेल, पुन्हा महिनाभर धुसफूस. तो तिथूनच परत फिरला. पूल ओलांडायला असे कितीसे कष्ट पडले असते?

दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीप्रमाणे चावी फिरवली. त्या दिवशी टेकडीवर लोकांनी दोन दिवसांच्या राहिलेल्या गाड्या धुतल्या, बागा भिजवल्या, आणि टाकी रिकामी झाली. वस्तीला दुसरं पाणी आलंच नाही. मुलगी कामावर असताना झाकून ठेवलेलं उकळलेलं पाणी संपलं आणि बाळ रडू लागलं. सासूने फडक्याने चार वेळा गाळून घोटभर पाजलं. त्या माऊलीचा यात काय दोष?

पुढच्या सकाळी चावीवाला वस्तीचं झाकण उचलत असताना जावई समोर येऊन उभा राहिला. दोघं एकाच पालिकेचे नोकर, पण आजवर एक शब्द बोलले नव्हते. जावयाच्या अंगावर कामाचेच कपडे होते, डोळे तांबारलेले होते.

"मामा, बाळाला दवाखान्यात ठेवलंय. उलट्या-जुलाब थांबत नाहीत. वस्तीतली आणखी पोरंही आहेत तिथे." तो एक पाऊल पुढे आला. "तिने निरोप दिलाय. म्हणाली, बाबांना सांगा, आज पहिलं पाणी आमच्याकडे सोडू नका. बाकी काही मागत नाही म्हणाली."

चावीवाल्याने चावी खाली ठेवली आणि तो साहेबाकडे गेला. साहेबाने ऐकून घेतलं, हळहळलाही. मग म्हणाला की उद्या दुसऱ्या शहरांचे पाहुणे ही प्राधान्याची योजना बघायला येताहेत, पत्रकातून सगळीकडे गाजलीय, अशा वेळी क्रम कसा बदलणार? दवाखान्याचं काय ते दवाखाना बघेल. आणि त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं, कारण टेकडीवरून फोन यायला लागले होते.

चावीवाला परत आला. जावई तिथेच उभा होता. त्याच्यादेखत, मान वर न करता, त्याने वस्तीचा व्हॉल्व्ह उघडला. या माणसाबद्दल मी इतका वेळ जपून बोललो, पण त्या क्षणी त्याला क्षमा नाही. स्वतःच्या मुलीची एकुलती विनवणी त्याने चाकरीसाठी पायाखाली घातली.

बाळ दुपारी गेलं.

घरी येऊन त्याने बायकोला एवढंच सांगितलं, की थोरलीची मुलगी वारली. ती कणीक मळत होती. हात तसाच परातीत राहिला. नातीचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, नाव विचारलं नव्हतं. कशाने, असं तिने विचारलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

सकाळी तो नेहमीसारखा निघाला, पण सायकल पुलाकडे वळली नाही. त्याने स्वतःच्या गल्लीचं झाकण उचललं आणि पहिला व्हॉल्व्ह तोच उघडला. घरोघरी नळ खोकले, गुरगुरले आणि तपकिरी, घाणेरड्या वासाचं पाणी हंड्याकळशांत पडू लागलं. दारं उघडली, बायका तावातावाने बाहेर आल्या. चावीवाल्याची बायको भरलेला हंडा उचलून तशीच रस्त्यावर आली.

"हे काय आज? कुठून आलं हे?"

"आज नाही आलं," चावीवाला म्हणाला. "रोज येतं. आपल्या दारात आज आलं."

"रोज कुठे जातं मग?"

"पुलापलीकडे. सगळ्यांच्या आधी."

 बायकोने हंड्यात बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

तिने हंडा खाली ठेवला आणि पायात काही न घालता ती चालू लागली. पूल ओलांडून मुलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मुलगी रिकाम्या पाळण्याशेजारी बसली होती. ती रडली नाही, आईला या बसा म्हणाली नाही. आई उंबऱ्यातच बसली आणि तिच्याकडे पाणी मागितलं. मुलीने पातेलं हातात घेतलं. मग म्हणाली, "थांब. उकळून देते." पाणी उकळून निवलं. मग आईने ते त्यांच्याच पेल्यातून प्यायलं.

चावीवाल्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. पाहुण्यांना ऐनवेळी उद्यान दाखवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी नवा चावीवाला वस्तीच्या झाकणापाशी पोचला तेव्हा त्या झाकणावर एक बाई मांडी घालून बसली होती. त्याने आधी गयावया केली, मग दरडावलं, मग साहेबाला बोलावून आणलं. साहेब चावीवाल्याच्या बायकोला ओळखत होता. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, पण हा सार्वजनिक सेवेत अडथळा आहे, असं तो म्हणाला.

"पहिलं पाणी गटारात सोडा," ती म्हणाली.

"तसं करता येत नाही बाई. वाया गेलेलं दिसतं."

"मग आधी आमच्या गल्लीत सोडा. माझ्या घरी मोठी पिंपं आहेत. ती भरली की टेकडीवर सोडा. इथे नाही."

साहेबाने पोलिसांची भीती घातली. ती म्हणाली, बोलवा. जावई कचरागाडी उभी करून तिच्या शेजारी येऊन बसला. वस्तीतल्या बायका आल्या. गल्लीतली मात्र एकच आली, बाकीच्या लांब उभ्या राहून बघत होत्या, कारण त्यांच्या घरी नळ कोरडे होते आणि कामं खोळंबली होती. त्यांच्यातली एक ओरडून म्हणाली की ऊठ ना गं, आमच्या पाण्याचं काय?

ती उठली नाही. पहिलं पाणी दुसऱ्या कुणाच्या दारात सोडायची साहेबाची छाती नव्हती, म्हणून ऊन चढलं तरी शहरात कुणाच्याच नळाला पाणी नव्हतं.

वाचकहो, तुमच्या नळाला आज स्वच्छ पाणी आलं असेल तर त्याच्या आधीचं पाणी कुठे गेलं, हे एकदा तुमच्या चावीवाल्याला विचारा. त्याला ठाऊक असतं. आणि त्याने मान खाली घातली, तर मग तुम्हालाही ठाऊक झालं.