लोकरीवरची टकटक

विनेमुका गावातल्या आमच्या पोकरच्या खोलीत बोटांनी टेबल ठोकणे म्हणजे बोलणे होते. पाळी आली, पैसे लावायचे नाहीत आणि पत्ते टाकून डावही सोडायचा नाही, तर दोन बोटांनी बनातीवर टकटक करायची. तोंडाने 'चेक' म्हटले तरी अर्थ तोच. एकदा ठोकले की पाळी पुढच्याकडे गेली. मग मन बदलले तरी उपयोग नसे. शिवाय आमच्या मालकाचा स्वतःचा एक नियम होता. ज्याने ठोकले त्याला त्या फेरीत रक्कम वाढवता येत नसे. दुसऱ्याने लावले तर तेवढेच भरायचे, नाहीतर पत्ते टाकायचे. गप्प बसून सावज जवळ येऊ द्यायचे आणि मग झडप घालायची, हा प्रकार मालकाला आवडत नव्हता.

हे सगळे भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेले होते. मी ती पाटी स्वतः वाचली त्याच्या कितीतरी आधीपासून मला ती पाठ होती, कारण वाद झाला की आयरीन ती मोठ्याने वाचून दाखवायची. आयरीन स्लोन पोकरच्या खोलीची मुख्य होती. मी, लिओना, डीलर, म्हणजे पत्ते पिसणारी आणि वाटणारी. प्रत्येकाला दोन झाकले पत्ते द्यायचे, मग सगळ्यांसाठी मध्ये पाच उघडे मांडायचे, आधी तीन, नंतर एकेक, आणि दर टप्प्याला पैसे लावायची फेरी. खेळात माझे काही नसे. कुणाच्या डावाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा डीलरचा पहिला नियम.

दुपारच्या टेबलावर तीच ती माणसे येत. तिसऱ्या खुर्चीवर डोमिंगो ओलाबे बसायचा. तो बास्क, समुद्रापलीकडच्या डोंगराळ मुलखातला. तरुणपणी मेंढ्यांमागे आला आणि चाळीसेक वर्षे सांता रोसाच्या डोंगरात कळपांमागे हिंडला. आता स्टेशनाजवळच्या बास्क खाणावळीत वरच्या मजल्यावर त्याची एक खोली होती. दुपारी तिथल्या लांब टेबलावर मेंढीचा रस्सा आणि घेवडा जेवायचा, पिकॉन नावाच्या कडसर दारूचा एक पेला घ्यायचा आणि रस्ता ओलांडून आमच्याकडे यायचा. खाणावळीतले त्याच्या वयाचे एकेक जण गेले होते. नवीन आलेली मुले त्याची भाषा बोलत नव्हती. आमच्या टेबलावरही कुणी ती बोलत नव्हते म्हणा, पण इथे बोलावे लागत नसे. ठोकले की भागायचे.

त्याच्यासमोर सहाव्या खुर्चीवर वर्न टटल असे. वर्न खाणीवर पाण्याचा टँकर चालवायचा आणि सकाळची पाळी संपली की धुळीसकट येऊन बसायचा. तो डोमिंगोला 'म्हाताऱ्या' म्हणायचा आणि डोमिंगो त्याला 'पोरा', जरी वर्नचे डोके माझ्या डोक्याइतकेच पांढरे झाले होते.

त्या वसंतात डोमिंगोचा उजवा हात थरथरायला लागला.

पहिल्यांदा वर्ननेच पाहिले. पोकरवाल्यांना हात थरथरताना दिसला की ते समजतात, माणसाच्या हाती भारी पत्ते आले. वर्न पटापट पत्ते टाकू लागला. आठवडाभर त्याने डोमिंगोशी एकही डाव नीट लढवला नाही. मग एकदा डोमिंगो शेवटी दुर्री आणि सत्ती अशी रद्दी पाने दाखवून मधला पैशांचा ढीग घेऊन गेला, तेव्हा वर्न खुर्चीवरून अर्धा उठला.

"दुर्री-सत्ती? आणि हात असा हलतोय, जसे चार एक्के धरलेत!"

"हात माझं ऐकत नाही पोरा. मी काय करू?"

"डॉक्टरला दाखव."

"दाखवला. तो म्हणाला, आता असंच चालायचं."

टेबलावरचे सगळे हसले. डोमिंगोही हसला. हात मात्र थांबला नाही.

पुढे ते हसण्यासारखे राहिले नाही. थरथरताना त्याची बोटे बनातीवर आपटायची आणि टकटक व्हायची. ऐकणाऱ्याला तो चेक वाटायचा. एका दुपारी डोमिंगोच्या हाती तीन राजे जमले होते. पाळी त्याची होती, लावायला तो डाव्या हाताने चिप्स, म्हणजे पैशांच्या चकत्या, उचलत होता आणि तेवढ्यात उजव्या हाताची बोटे वाजली. वर्नने लगेच पाठोपाठ ठोकले. दोघांनी ठोकले म्हणजे पुढचा पत्ता फुकट. डोमिंगो म्हणाला, "थांब, मी लावतोय." वर्न म्हणाला, "कसला लावतोयस, ठोकलंस ना." मी आयरीनला हाक मारली.

आयरीनने मला विचारले, "टकटक झाली?"

"झाली."

"मग चेक. पत्ता उलट."

त्या फुकटच्या पत्त्याने वर्नची ओळीत पाच पाने लागली आणि तीन राजे हरले.  निकाल नियमाला धरून होता, हे डोमिंगोलाही कळत होते.

पण असे परत झाले, आणि परत झाले. दर वेळी खेळ थांबायचा, दर वेळी आयरीन कॅशियरच्या खिडकीपासून चालत यायची. शेवटी ती एकदा त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"डोमिंगो, हात मांडीवर ठेवत जा."

"पाटीवर लिहिलंय, दोन्ही हात टेबलावर. सगळ्यांना दिसतील असे."

ते खरे होते. टेबलाखालचा हात म्हणजे पत्ते लपवणारा हात, असे आम्ही धरून चालत असू. आयरीनने पाटीकडे पाहिलेसुद्धा नाही.

वर्न म्हणाला, "बाईसाहेब, याची टकटक धरूच नका ना. म्हातारा तोंडाने बोलेल तेच खरं. बाकीच्यांची टकटक, याची जीभ. झालं."

"आणि उद्या तू म्हणशील, माझाही हात थरथरला."

"माझा? माझा हात टँकर वळवतो, बाई."

"तू नाही तर दुसरा कुणी. ठोकायचं, समोरचा काय करतो ते बघायचं, आणि मग म्हणायचं ते मी नव्हतो, आजार होता. त्याच्या मनात काय होतं ते मी कसं ओळखू? ठोकणं कानाला ऐकू येतं, म्हणून तर तो नियम आहे."

ती बोलत होती ते डोमिंगो मान खाली घालून ऐकत होता. तिने आवाज खाली आणला, पण टेबल लहान होते, सगळ्यांना ऐकू गेले.

"या हातावरून आणखी एक वाद झाला की ही खुर्ची दुसऱ्याला देणार. मला वाईट वाटतं, पण देणार. बसायचं असेल तर मागच्या बाकावर बसून बघत जा. कॉफी फुकट."

डोमिंगो म्हणाला, "बघायला मी मेंढ्या बघितल्यात. पुष्कळ."

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो बगलेत काहीतरी घेऊन. खुर्चीवर बसल्यावर त्याने ते समोर ठेवले. मेंढीच्या कातड्याचा तळहाताएवढा तुकडा होता, लोकर वर. त्याने उजवा हात त्यावर ठेवला. बोटे नेहमीसारखी हलत होती, पण आवाज येत नव्हता.

"हे काय?" मी विचारले.

"माझी वस्तू."

पत्त्यांवर ठेवायला प्रत्येकजण काहीतरी आणत असे, म्हणजे डीलरने चुकून पत्ते ओढून नेऊ नयेत. कुणी गुळगुळीत दगड, कुणी चांदीचा डॉलर. वर्नकडे टँकरच्या इंजिनातला एक नट होता. वस्तू आणायला पाटीची परवानगी होती. कातड्याला नाही असे कुठे लिहिलेले नव्हते.

आयरीन आली. तिने तुकडा उचलला, उलटा केला, लोकरीत बोटे घालून चाचपले, वास घेतला.

"पत्ते याखाली जाता कामा नयेत. याच्या पुढे ठेवायचे, उघड्यावर."

"ठेवतो."

"आणि टकटक होणार नाही म्हणजे तू ठोकू शकत नाहीस. तोंडाने बोलायचं. चेक तर चेक, लावतो तर लावतो. बोललास ते धरणार, बाकी काही नाही."

"बरं."

"आणि वाद झाला तर ते तसंच आहे. मी सांगितलं ते."

ती गेल्यावर वर्नने वाकून कातडे पाहिले. "मेंढी ओळखीची होती का रे?"

"तुझ्यापेक्षा बरी खेळायची," डोमिंगो म्हणाला.

असे बरेच दिवस चालले. डोमिंगो 'चेक' म्हणायचा तेव्हा त्याचा उच्चार 'त्सेक' असा व्हायचा आणि काही दिवसांनी टेबलावरचे दोघेतिघे तसेच म्हणू लागले. टेबलाची लय थोडी मंदावली. त्याच्यापाशी पाळी आली की सगळे त्याच्या हाताकडे न बघता तोंडाकडे बघायचे.

मग ती दुपार आली. बाहेर वारा होता आणि दार उघडले की धूळ आत यायची. डाव सुरुवातीपासून वाढत गेला. पाचसहा जणांनी पैसे टाकले आणि तिसऱ्या उघड्या पत्त्यानंतर एकेकाने पत्ते फेकले. मधला ढीग त्या आठवड्यातला मोठा होता. उरले डोमिंगो आणि वर्न. मी चौथा पत्ता उलटला, किलवरची चौकी. पहिली पाळी डोमिंगोची.

डोमिंगोची बोटे लोकरीवर पडली. दोनदा. मी वाट पाहिली, कारण ती बोटे दिवसभर पडतच असत.

वर्नने वाट पाहिली नाही. अंगवळणी पडलेले असते ते पडलेलेच असते. त्याने समोरची बोटे पडताना पाहिली आणि स्वतः बनातीवर टकटक केली. पुढचा पत्ता येईल म्हणून तो माझ्याकडे बघू लागला.

मी पत्ता उलटला नाही. "डोमिंगो, तुझी पाळी आहे."

डोमिंगोने मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिले, मग वर्नच्या बोटांकडे. ती अजून बनातीवरच होती. पाळीआधीच ठोकून वर्नने आपल्याकडे लावण्यासारखे काही नाही हे दाखवून टाकले होते. आणि ठोकले असल्यामुळे त्याला वाढवताही येणार नव्हते. आता डोमिंगोने हातात काही नसताना पैसे लावले असते तरी वर्नने बहुतेक पत्ते टाकले असते. हे टेबलावरच्या सगळ्यांना दिसत होते. वर्नलाही ते त्याच क्षणी दिसले.

डोमिंगोचा हात लोकरीवरून उठून चिप्सकडे गेला. काही उचलायला गेला की त्याचा हात थांबायचा, एरवी हलायचा. चिप्सवर ठेवलेला हात अगदी स्थिर होता.

"ए!" वर्न ओरडला. "त्याने ठोकलं! मी बघितलं, दोन बोटं, नीट ठोकलं! थरथर नव्हती ती! आयरीन!"

आयरीन आली. कॅशियरही खिडकीतून डोकावला.

"काय झालं?"

"म्हाताऱ्याने ठोकलं, मी ठोकलं, आणि आता तो लावायला निघालाय."

तिने मला विचारले, "तोंडाने काही बोलला?"

"नाही."

"टकटक ऐकलीस?"

"नाही. लोकर आहे."

 आयरीन म्हणाली, "बोलला नाही म्हणजे चेक नाही. पाळी डोमिंगोचीच. वर्न, तू पाळीआधी ठोकलंस, तुला वाढवता येणार नाही. डोमिंगो, काय ते बोल." आणि तिथून न हलता ती पुढे म्हणाली, "डाव संपला की आपण दोघं खुर्चीचं बघू."

म्हणजे डाव त्याच्या बाजूने लागला होता आणि खुर्ची गेली होती. वर्नला ते तेव्हाच कळले. 

डोमिंगोने चिप्सवरचा हात काढून परत लोकरीवर ठेवला. हात पुन्हा हलायला लागला.

"चेक," तो म्हणाला. "मी ठोकलं होतं. ती थरथर नव्हती. सवयीने ठोकलं. पोरगा बरोबर बोलतोय."

 आयरीन म्हणाली, "तुला सांगायची गरज नव्हती. निकाल दिला होता मी."

"तूच म्हणालीस ना, त्याच्या मनात काय होतं ते कसं ओळखू? विचारायचं. मी इथेच बसलोय."

आयरीनने वर्नकडे पाहिले. "तुझी तक्रार काय होती?"

"माझी?" वर्नने आपला नट उचलून परत पत्त्यांवर ठेवला. "मी कुठे तक्रार केली? मी म्हटलं, त्याने ठोकलं. तोही म्हणतोय ठोकलं. यात वाद कसला? लिओना, पत्ता उलट ना बाई, खाणीवर माझी पाळी पहाटे आहे."

आयरीन खिडकीकडे परत गेली. खुर्चीचे पुन्हा निघाले नाही.

मी पाचवा पत्ता उलटला, चौकटची राणी. डोमिंगो 'त्सेक' म्हणाला, वर्नने ठोकले. पत्ते उघडले तेव्हा वर्नकडे एक चौकी होती, म्हणजे उघड्यावरच्या चौकीबरोबर जोडी. डोमिंगोकडे एक्का होता आणि त्याला जोड नव्हती. ढीग वर्नकडे गेला.

"चौक्यांवर!" डोमिंगो म्हणाला. "एवढा ओरडलास तो चौक्यांवर!"

"मग? त्या काय तुझ्या होत्या?"

डोमिंगो पुढे तीन हिवाळे त्या खुर्चीवर बसला. थरथर वाढत गेली. दुसऱ्या हिवाळ्यात कातड्यावरची लोकर दोन बोटांएवढ्या जागी झडून खालचे चामडे उघडे पडले, आणि एका दुपारी टकटक पुन्हा ऐकू यायला लागली. वर्नने कान टवकारले. आयरीन खिडकीपासून न उठता म्हणाली,

"डोमिंगो, उद्या नवीन तुकडा आण."