सुई उशीला, औषध मामांना

मामांचा दात दुखत होता म्हणून त्यांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. दात बरा झाला. पोट मात्र असं बिघडलं की एका दिवसात चौदा वेळा संडास. हॉस्पिटलात दाखल केलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, गोळ्यांनी आतड्यातले भले जंतू मेले आणि एक वाईट जंतू माजला. आता त्याच्यावर उपाय म्हणून अँटिबायोटिक.

हे औषध नेमकं कुणाच्या बाजूचं आहे, असं मामांनी मला विचारलं. मी इतिहास शिकतो.

तेवढ्यात नर्स इंजेक्शनची बाटली घेऊन आली. भुकटीत पाणी घातलं, सिरिंज भरली. मामांनी बाही वर केली. तिने औषध पेल्यात ओतून त्यांच्या हातात दिलं.

मामा शिंपी. पस्तीस वर्षं सुईवर घर चालवलेलं.

"सिस्टर, सुई विसरलात."

डॉक्टरांनी समजावलं. हे औषध शिरेतून दिलं तर रक्तातच फिरतं, प्यायलं तर आतड्यात राहतं, आणि जंतू तिथेच बसलाय. दिवसातून चार वेळा, दहा दिवस. टाळलंत तर आतडं कापावं लागेल. कापणं हा शब्द मामांच्या ओळखीचा, तरी पेला तोंडाला लागेना. सुईशिवाय काही पक्कं बसतं, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नव्हतं. माझ्याही, पण मला कोणी विचारलं नाही. सकाळचा डोस टेबलावरच राहिला. दुपारी मामांना संडासापर्यंतही चालवेना.

मामी वाद घालत बसली नाही. घरी जाऊन मामांची टाचण्यांची उशी घेऊन आली, ती त्यांच्या दंडाशी ठेवली आणि नवा पेला हातात दिला.

"डोळे मिटा," म्हणाली आणि उशीत सुई खुपसली.

"हळू," मामा म्हणाले आणि गटागट प्यायले.

डॉक्टरांनी दारातून हे पाहिलं. फाइलमध्ये काहीतरी लिहिलं, मग खोडलं.

पाचव्या दिवशी संडास तीनवर आला. चाळिसावा डोसही उशीला सुई टोचूनच झाला आणि मामा स्वतःच्या पायांनी घरी आले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, एक बटण लावलं, सुई उशीत टोचायला गेले आणि थांबले. मग ती स्वतःच्या कॉलरला अडकवली.

"उशीला आराम करू दे," मला म्हणाले, "तिचा कोर्स कालच संपलाय."