सहा टिचक्यांचा शब्द

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, मित्रांनो. कापडी पुठ्ठा, हजारावर पानं. माझ्यातला प्रत्येक इंग्रजी शब्द मध्ये ठिपके देऊन, तोडून छापलेला आहे. त्याचं मला कौतुक नाही, छापणाऱ्यानं छापलं.

कळंबच्या शाळेत नंदकिशोर सरांनी मला तीस वर्षं वापरलं. लांबलचक शब्द आला की सर तुकड्यागणिक माझ्या पुठ्ठ्यावर एक टिचकी मारत, मग विचारत, "आता याचं माहेर सांगा." त्यांचा लाडका शब्द सेरेब्रोव्हॅस्क्युलर. से-रे-ब्रो-व्हॅस्-क्यु-लर, सहा टिचक्या. सेरेब्रो म्हणजे मेंदू. व्हॅस्क्युलर म्हणजे बारक्या भांड्यांचा, रक्त वाहणाऱ्या नळ्यांचा. "दोघंही लॅटिनचेच! गावातल्या गावात सोयरीक झाली न बे!" सर म्हणत, आणि वर्ग हसायचा.

मग सर रिटायर झाले. लोकांच्या खिशात मोबाइल आले. एका उन्हाळ्यात कूलर डगमगत होता, म्हणून सरांनीच मला त्याच्या पायाखाली सरकवलं. पाणी गळायचं, पानं फुगायची. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

यंदा सरांना झटका आला. उजवं अंग लुळं, वाचा बंद. दवाखान्याच्या कागदावर तोच लाडका शब्द लिहून आला. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिने यांना तुकड्या-तुकड्यानं बोलतं करा, नाहीतर बोलणं अडकलं ते अडकलंच.

पण सरांच्या पत्नी, कुंदाताई, त्यांना तोंड उघडू देईनात. मायेपोटीच. "चहा पाह्यजे न? उशी सरकवू? समजलं मले, तुम्ही राहू द्या." सरांचे ओठ हलले की शब्द ताईंच्या तोंडून बाहेर. मी कूलरखाली पडून नुसतं ऐकत होतो.

सरांची जुनी विद्यार्थिनी अपेक्षा आता नर्स आहे. ती भेटायला आली आणि तिनं मला ओढून काढलं. सरांचं डावं बोट माझ्यावर ठेवलं. "सर, कागदावर काय लिहिलंय? वाचा."

"से..."

"सेरेब्रो!" कुंदाताई म्हणाल्या.

"काकू, तुम्हीच बोलून राह्यल्या. मग सर कधी बोलतीन?"

"तुले काय जाते? ते अडकले का माह्या जिवाचं पाणी होते!"

तरी अपेक्षा रोज आली. आठ दिवस नुसतं 'से'. मग 'रे'. पुढे काही नाही.

परवा सकाळी ताई चहा घेऊन आल्या. "साखर कमीच टाकली, तुम्हाले तशीच..."

सरांनी डावा हात वर केला. माझ्यावर टिचकी मारली. "मी." पुन्हा तीन टिचक्या. "सां... ग... तो."

ताई कप घेऊन उभ्याच राहिल्या. चहा गार झाला, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही.

"सा... खर," सर म्हणाले. मग खूप वेळानं, "जास्त."

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, नवं कव्हर घालू नका. माझं काय, मी पडलेलाच असतो. पण कुणाचा शब्द अर्ध्यात अडकला, तर घाईघाईनं तो तुम्ही पुरा करू नका. त्याला काय म्हणायचंय ते तुम्हाला माहीत नसतं.