शिट्टीवाली

बाळाला दात येत होते, त्यामुळे रात्रभर घर जागं होतं. पहाटे कुठे तो आजीच्या मांडीवर निजला आणि आईची कामावर जायची वेळ झाली.

"जा गं, मी बघते," सासूबाई म्हणाल्या. "पण डोळ्यांवर पाणी मार. नुसते निखारे झालेत."

आणि तिचं काम डोळ्यांचंच. इमारतीवर क्रेनने सळया चढवायच्या, शेजारून विजेच्या उघड्या तारा गेलेल्या. वर केबिनमध्ये बसून क्रेन चालवणाऱ्या मामांना तारेचा नीट अंदाज येत नसे, म्हणून तो तिने खालून घ्यायचा. क्रेन आखून दिलेल्या अंतराच्या आत सरकतेय असं दिसलं की शिट्टी. तारेला शिवावंही लागत नाही, फार जवळ गेलं तरी वीज झेप घेते. म्हणून शिट्टीवालीने ना लोंबत्या सळयांची दोरी धरायची, ना कुणाशी बोलायचं. फक्त वर बघायचं.

"आमच्या मानेवर लोखंड अन् हिच्या मानेवर नुसतंच डोकं!" सळया बांधणारे चिडवत.

त्या दिवशी तेही जड झालं होतं. तिने हाताला चिमटे काढले, पाय बदलले, ओठ चावला. सळयांची चौथी मोळी उजवीकडे होती. मग ती डावीकडे होती. मधलं काही तिला आठवेना.

काहीच झालं नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. गप्प राहिली असती तर खपून गेलं असतं.

तिने शिट्टी फुंकली.

क्रेन थांबली. मुकादम धावत आला. "काय झालं? अंतर आहे की चांगलं!"

"आहे. पण मी बघत नव्हते. उभ्या उभ्या झोपले होते."

"मग घरीच झोप ना! उद्यापासून येऊच नकोस."

"उद्याचं उद्या," ती म्हणाली. "आज मला बघायला लावू नका."

मामांनी मोळी अलगद जमिनीवर टेकवली आणि गुडघे धरत खाली उतरले. "किती वेळ झोपलीस, पोरी?"

"ठाऊक नाही, मामा."

त्यांनी वर तारेकडे पाहिलं. "मागच्या कामावरचा शिट्टीवाला असाच झोपला, अन् बोलला नाही," ते म्हणाले. "दोरी धरणारा विजेने गेला आमचा." मग मुकादमाकडे वळले. "हिला काढायचं तर मलाही काढा. नाहीतर शिट्टी घ्या, काम चालू करू."

"मी?"

"नुसतं उभंच तर राहायचंय."

पाचव्या मोळीला मुकादमाच्या खिशात फोन वाजला. त्याचा हात खिशाकडे गेला मात्र, क्रेन जागीच थांबली. "फोन की तार, साहेब?" वरून मामा ओरडले. "एक काय ते सांगा!"

सळया बांधणारे खो खो हसले. फोन वाजून वाजून गप्प झाला.

तासाभराने मान चोळत मुकादम पाण्याच्या पिंपापाशी आला. "उद्यापासून दोघी ठेवू," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "तासातासाने बदली. सांगा तिला, उठली की."

ती सिमेंटच्या पोत्यांच्या आडोशाला गाढ झोपली होती. आणि झोपेतच तिचा हात शेजारच्या पोत्याला हळूहळू थोपटत होता.